बंद दाराआड दोन साडू

कंपनीत त्याला सगळे वायरमन म्हणत. नोकरीला लागला तेव्हा तो खरोखरच वायरी ओढायचा. खांद्यावर निळ्या केबलचं वेटोळं, खिशात पक्कड, गुडघे कायम धुळीने माखलेले. पुढे वायरी गेल्या. एकेका यंत्राच्या पोटात दहा-दहा आभासी सर्व्हर मावायला लागले, त्यांना जोडणारं जाळंही आभासीच झालं, आणि वायरमन खुर्चीत बसून पडद्यावर रेघा ओढू लागला, पुसू लागला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्या जाळ्यावर नऊ हॉस्पिटलांचं काम चालायचं. रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या याद्या, सगळं. आणि या सगळ्याच्या तोंडाशी उभा होता वायरमनने बसवलेला लोड बॅलन्सर. त्याचं काम सांगायला सोपं होतं. बाहेरून येणारी प्रत्येक विचारणा आधी त्याच्याकडे यायची, आणि मागच्या सर्व्हरांपैकी कोणाला उसंत आहे ते बघून तो ती पुढे धाडायचा. मागचे सर्व्हर धड आहेत ना, हेही तोच बघायचा. दर पाच सेकंदांनी प्रत्येकाला हाक. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही, की त्या सर्व्हरचं नाव यादीतून कमी, आणि त्याच्याकडे कोणाला पाठवणं बंद.

सांगायला सोपं, पण सांभाळायला वायरमनशिवाय कोणाला येत नव्हतं. सुरुवातीला त्याला याचा अभिमान वाटला होता. मग वर्षं गेली तशी ती गोष्ट गळ्यात अडकलेल्या घासासारखी झाली, धड गिळवेना, धड थुंकवेना. सहा वर्षांत त्याने सलग चार दिवस रजा एकदाच घेतली, त्यातले तीन दिवस मांडीवर लॅपटॉप होता. दोनदा त्याने राजीनामा दिला. दोन्ही वेळा साहेबांनी तो वाचला, नीट घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि हॉस्पिटलांच्या कुठल्याशा तक्रारीचा विषय काढला. आपल्याला सोडून जाता येत नाही हे कळायला वायरमनला तेवढं पुरलं. तिसऱ्यांदा त्याने लिहिलाच नाही.

ज्या रविवारी हे घडलं त्या दिवशी जुना लोड बॅलन्सर काढून नवा चालू करायचा होता. नवा आठवडाभर बाजूला चालवून पाहिला होता. रविवारी दुपारी हॉस्पिटलांत गर्दी नसते म्हणून ती वेळ धरली होती. तळघराच्याही खाली यंत्रांची खोली होती, आणि तिथला थंडाव्याचा एक संच तपासायला नेमक्या त्याच दिवशी बाहेरचा मेकॅनिक येणार होता. बाहेरच्या माणसाला त्या खोलीत एकटं सोडायचं नाही असा नियम. म्हणून वायरमनने लॅपटॉप काखोटीला मारला आणि खालीच बसून दोन्ही कामं उरकू म्हणून निघाला.

जिन्याच्या तोंडाशी हत्यारांची पेटी घेऊन उभा असलेला मेकॅनिक बघितला आणि वायरमन पायरीवरच थबकला. तो त्याचा साडू होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

दोघांत दोन वर्षं बोलणं नव्हतं. भांडण झालं नव्हतं, एकमेकांना वेडंवाकडं कोणी बोललं नव्हतं. लग्नाकार्यात दोघं पंगतीच्या दोन टोकांना बसायचे, एवढंच. त्यामागे एकच गोष्ट होती, आणि ती या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

दोन वर्षांपूर्वी सासरे चौदा दिवस हॉस्पिटलात होते. सकाळी मुली बसायच्या, दुपारी दोन ते आठ जावई. एक दिवस थोरला, एक दिवस धाकटा, असं ठरलेलं. थोरल्याच्या, म्हणजे वायरमनच्या वाट्याला सात दुपारी आल्या. सातही दुपारी तो घरून हॉस्पिटलला म्हणून निघाला, अर्ध्या तासासाठी म्हणून ऑफिसात वळला आणि अडकला. ते दिवस सगळा कारभार जुन्या यंत्रांवरून आभासी जाळ्यावर हलवायचे होते. रोज काही ना काही पडायचं आणि रोज त्यालाच ते उभं करावं लागायचं. सातही वेळा त्याने साडूला फोन केला, आणि सातही वेळा साडू फक्त म्हणाला, "बरं." घरी गेल्यावर बायको विचारायची, बाबा कसे होते? पहिल्या दिवशी तो दमला होता. खरं सांगितलं तर वाद होईल म्हणून तो "झोपले होते" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं ओझं होतं. चौदाव्या दिवशी सासरे गेले, आणि मग सांगायला जागाच उरली नाही.

तेव्हापासून साडू दिसला की तो दुसरीकडे वळायचा. हा माणूस एका वाक्यात आपलं घर मोडू शकतो, असं त्याला वाटायचं. साडूने ते वाक्य कधी उच्चारलं नाही, पण त्यामुळे धास्ती कमी झाली नाही.

"काम किती वेळाचं आहे?" वायरमनने विचारलं. तू म्हणावं की तुम्ही, हे न ठरल्यामुळे त्याने वाक्यच असं केलं की दोन्हींची गरज पडू नये.

"दीड तास," साडू म्हणाला.

वायरमनने दाराशेजारच्या चौकोनाला कार्ड लावलं. खट् झालं. दोघं आत गेले. जाड दार मागे आपोआप बंद झालं.

ती खोली म्हणजे अखंड घरघर. शेकडो पंखे एकदम फिरत असायचे, आणि वरून थंडाव्याच्या संचांचा घोंघाट. शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. एरवी वायरमनला त्याचा जाच व्हायचा, आज बरं वाटलं. बोलायची सक्ती नव्हती. साडूने एका संचाचं झाकण उतरवलं आणि पाठ फिरवून कामाला लागला. वायरमनने ट्रॉलीवर लॅपटॉप मांडला.

काम ठरल्याप्रमाणे झालं. विचारणा नव्या लोड बॅलन्सरकडे वळल्या. जुना बंद झाला. वीस मिनिटं तो पडद्याकडे टक लावून बसला, सगळं सुरळीत होतं. उरली होती झाडलोट. कोणाकोणाकडून आलेलं बोलणं ऐकायचं, याची एक यादी सर्व्हरांपाशी असते. यादीत नसलेल्याला ते ओ देत नाहीत. त्या यादीत जुन्या लोड बॅलन्सरचा पत्ता अजून होता. आता त्याचं काय काम, म्हणून वायरमनने तो पुसला.

पुसला आणि त्याच क्षणी त्याला आठवलं. चाचणीच्या आठवड्यात, नवीन पत्ता मंजूर व्हायला वेळ लागत होता म्हणून, नव्या लोड बॅलन्सरच्या हाका त्याने त्या जुन्याच पत्त्यावरून सोडल्या होत्या. तात्पुरत्या. मग ते बदलायचं राहून गेलं.

पहिली हाक गेली. सर्व्हरांनी यादी पाहिली, पत्ता अनोळखी, ओ दिली नाही. पाच सेकंद. दुसरी हाक. वायरमनची बोटं धावली, पण पडदा उघडायला वेळ घेत होता. तिसरी हाक. डाव्या कोपऱ्यातले हिरवे ठिपके एकामागून एक लाल होत गेले, एकोणतीसच्या एकोणतीस. सर्व्हर ठणठणीत होते, चालू होते, आतल्या आत काम करत होते. पण लोड बॅलन्सरच्या लेखी ते मेले होते, आणि मेलेल्यांकडे तो कोणाला पाठवत नव्हता.

मग त्याचा स्वतःचाच पडदा पांढरा पडला. ज्या पानावरून हे सगळं चालवायचं ते पानही त्याच लोड बॅलन्सरच्या मागे होतं. वायरमन स्वतःच्या हाताने घराबाहेर कुलूपबंद झाला होता.

तरी डोकं चालत होतं. वर जायचं, साहेबांच्या कपाटातलं सीलबंद पाकीट काढायचं. त्यात मूळ यंत्राचा पासवर्ड होता, तो पडद्यावरच्या तिजोरीतही होता पण ती तिजोरी आता उघडणार नव्हती. पाकीट घेऊन खाली यायचं, यंत्राला थेट केबल लावायची, पत्ता परत घालायचा. दहा मिनिटांचं काम. तो दाराकडे पळाला आणि कार्ड लावलं.

खट् झालं नाही.

पुन्हा लावलं. चौकोनात लाल उजेड आला आणि गेला. दाराचं कुलूप ज्या सर्व्हरला विचारून उघडायचं तो सर्व्हरही गेल्या वर्षी इतरांच्याच रांगेत आणून ठेवला होता. ठेवला होता वायरमननेच, साहेबांच्या सांगण्यावरून.

दाराशेजारी झाकणाखाली हिरवं बटण होतं. अडचणीच्या वेळी ते दाबलं की काही न विचारता दार उघडायला हवं. त्याने दाबलं. बटण आत गेलं, बाहेर आलं, बाकी काही नाही. मागे भिंती रंगवताना कोणीतरी त्याची जोडणी सोडवली होती. त्याची तक्रार वायरमनच्याच नावावर आली होती, आणि बघू नंतर म्हणून त्याने ती तशीच ठेवली होती. मोबाइलला या खोलीत रेंज नसायची. भिंतीवरचा फोन जाळ्यावरच चालायचा, तो मुका. इमारतीत रविवारी एक पहारेकरी असायचा, तोही दोन मजले वर.

साडू मागे येऊन उभा होता. त्याने कानाजवळ तोंड आणून विचारलं, "काय झालं?"

"दार उघडत नाही."

साडूने चौकट निरखली. कुलपावरच्या पत्र्यावर बोट फिरवलं. मग पुन्हा कानाशी येऊन म्हणाला की हे कुलूप वीज मिळाली की उघडणारं आहे, वीज नसेल तर खिटी अडकून राहते. पत्रा काढून आतल्या तारांना त्याच्या ड्रिलच्या बॅटरीची वीज दिली तर सुटेल. स्क्रू वेगळ्या घाटाचे आहेत, कानशीने खाचा पाडाव्या लागतील, वेळ लागेल. पत्रा मात्र वाकणार.

वायरमन नको म्हणाला. दार मोडलं की कागद होणार, चौकशी होणार, कोणी मोडलं, का मोडलं. चार वाजता पहारेकरी फेरी मारतो, तेव्हा दार वाजवू, तो बाहेरून किल्लीने उघडेल. घड्याळात पावणेतीन झाले होते.

साडूने त्याच्याकडे नीट पाहिलं. बाहेर नऊ हॉस्पिटलांचं काम बंद पडलं होतं हे त्याला माहीत नव्हतं आणि वायरमनने सांगितलं नाही. वायरमनला मात्र ते चांगलं माहीत होतं, तरी त्याच्या मनात पहिल्यांदा चौकशी आली. नंतर कितीतरी दिवस त्याला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटली ती या गोष्टीची.

त्यांनी वाट पाहिली. खोली थंड होती, इतकी की बसल्या जागी बोटं आखडत. साडूने उघडलेला संच पुन्हा जोडून टाकला, मग पेटीतला जाडा जुना शर्ट काढून वायरमनच्या मांडीवर टाकला. वायरमनने तो अंगावर घेतला. सव्वातीन. साडेतीन. हॉस्पिटलांत काय चाललं असेल ते त्याला दिसत होतं. खिडकीवर बसलेली बाई पडदा पुन्हा पुन्हा उघडतेय. नर्स रिपोर्टसाठी फोन लावतेय. त्यांच्यासाठी एकोणतीस सर्व्हर मेलेले, आणि इथे त्याच्या पाठीला टेकून ते घरघरत होते, गरम श्वास सोडत होते.

चार वाजले. दोघांनी दार बडवलं. साडूने पान्याने बडवलं. पंखे इतके जोरात होते की त्यांचं त्यांनाच धड ऐकू येईना. सव्वाचारपर्यंत कोणी आलं नाही.

"उघडतो मी," साडू म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता कानस घेऊन चौकटीपाशी बसला.

वायरमन टॉर्च धरून त्याच्या बाजूला उकिडवा बसला. तेवढ्या जवळ ते दोन वर्षांत पहिल्यांदाच आले होते. पहिला स्क्रू निघाला तेव्हा वायरमनच्या तोंडून निघून गेलं, "तू त्यांना सांगितलं का नाहीस?"

साडूला ऐकू आलं नाही. "काय?"

वायरमनला तेच ओरडून म्हणावं लागलं. असलं वाक्य ओरडून म्हणायची वेळ कोणावर येऊ नये. "बाबांच्या वेळी. मी एकदाही आलो नाही. तू दोघी बहिणींना सांगितलं का नाहीस?"

साडूचा हात थांबला नाही. कानस चालत राहिली. मग तो वायरमनच्या कानाशी झुकला.

"पहिल्या दिवशी बाबांनी विचारलं, थोरला कुठाय? मी म्हटलं, कामात अडकलेत. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. औषधाने ते दुपारभर झोपेतच असायचे, साडूभाऊ. मग जाग आल्यावर मी सांगायला लागलो की तुम्ही येऊन गेलात. बाबांना म्हटलं, तुमचा डोळा लागला होता, म्हणून थोरल्यांनी उठवलं नाही."

सासरे गेल्यावर बायकोने वायरमनला रडत रडत सांगितलं होतं, बाबा म्हणायचे, थोरला येतो, जास्त बोलत नाही, पण बसतो. तू त्यांची नखं कापलीस, तर ते हात पुढे करून दाखवत होते मला. तेव्हा वायरमनला वाटलं होतं, म्हाताऱ्याला आजारात भास झाले असतील. नखं एखाद्या नर्सने कापली असतील. त्याने मान खाली घातली होती आणि बायकोला ते दुःख वाटलं होतं.

"नखं?" त्याने विचारलं.

"मी कापली. त्यांनी विचारलं, कोणी? म्हटलं, थोरल्यांनी. काहीतरी सांगायला हवं होतं. नुसतंच येऊन गेले, येऊन गेले, किती दिवस सांगणार?"

दुसरा स्क्रू निघाला. वायरमनच्या हातातली टॉर्च भलतीकडेच वळली होती. साडूने त्याचं मनगट धरून ती सरळ केली.

"आणि धाकटी?" वायरमनने विचारलं. धाकटी म्हणजे साडूची बायको. "तिला काय सांगितलंस? सातही दिवस तू तिथेच होतास."

"तिला सांगितलं की कामावर होतो. इकडचा संच बिघडला, तिकडचा बिघडला. तुमचे दिवस मी भरतोय म्हटलं असतं तर ते तुमच्या घरी पोचलं असतं." त्याने कानशीचा भुगा फुंकून काढला. "ती अजून बोलून दाखवते. माझे वडील शेवटच्या घटका मोजत होते आणि पाळी नसली की तुम्हाला कामं सुचत होती. बरोबर आहे तिचं. तिच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे."

"दोन वर्षं हे ऐकून घेतोयस तू?"

"मला वाटलं, तुम्ही कधीतरी स्वतः सांगाल. तुम्ही सांगेपर्यंत मी तोंड उघडणं बरं नव्हे. आणि तुमच्याशी इकडचंतिकडचं बोलायचं म्हटलं तर ते माझ्याच्याने होईना. म्हणून बोलणं बंद झालं." असं म्हणून त्याने बॅटरी मागितली.

वायरमनने ती दिली. इतके दिवस त्याला वाटत होतं की या माणसाने आपल्या मानेवर सुरी धरून ठेवली आहे. आणि हा गृहस्थ त्याच्या वाटणीची बोलणी मुकाट्याने खात होता. पत्र्याखालच्या दोन तारा साडूने सोलल्या, एक बॅटरीच्या एका टोकाला गुंडाळली, दुसरी टेकवली. खट् झालं. वायरमनने दार खांद्याने ढकललं आणि तो जवळजवळ बाहेर पडलाच.

जिन्यात येताच खिशातला मोबाइल थरथरायला लागला तो थांबेना. एकसष्ट फोन येऊन गेले होते. पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन त्याने साहेबांचं कपाट उघडलं, पाकीट फोडलं, खाली पळाला. साडू दारात पेटी आडवी टाकून बसला होता, दार पुन्हा लागू नये म्हणून. केबल लावली, पासवर्ड टाकला, पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा लागला. एका ओळीत पत्ता परत यादीत घातला. पाच सेकंद गेले. दहा. पंधराव्या सेकंदाला पहिला ठिपका हिरवा झाला आणि मग बाकीचे झाले. पाचला सात मिनिटं कमी होती. सव्वादोन तास सगळं बंद होतं.

त्याने एकेका हॉस्पिटलला स्वतः फोन लावला. कोणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. कागदावर लिहून निभावलं होतं. एका ठिकाणी एका बाईचं ऑपरेशन रक्ताचा रिपोर्ट दिसेना म्हणून थांबवलं होतं, ती दोन तास उपाशीपोटी स्ट्रेचरवर पडून होती. आता नेलं आत, असं तिथली नर्स म्हणाली, आणि त्याने का विचारलं हे तिला कळलं नाही.

सहाला साहेब आले. घरच्या चपलांवरच आले होते. त्यांनी वायरमनच्या पाठीवर थाप मारली आणि पहारेकऱ्यासमोर म्हणाले, हा होता म्हणून वाचलो. वायरमन त्यांना बाजूला घेऊन गेला आणि सगळं सांगितलं. पत्ता कसा पुसला, हाका कुठून सोडल्या होत्या, हिरव्या बटणाची तक्रार कशी पडून राहिली, आणि पावणेतीनला दार उघडता येत असताना आपण सव्वाचारपर्यंत कसे थांबलो. हे सगळं तसंच लिहून हॉस्पिटलांना पाठवतो, म्हणाला.

साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "तांत्रिक कारणाने, असं लिही."

"साहेब, कारण मी आहे."

"हे बघ. तू चूक केलीस असं कागदावर आलं तर मला तुला काढावं लागेल. तुला काढता येत नाही, दुसरं कोण आहे? म्हणजे तू चूक केलेली नाहीस." ते बोलता बोलता हसले, आणि त्या हसण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. "जा घरी. दमलायस."

वायरमनला वाटलं, खाली दार तरी होतं, त्याला स्क्रू होते.

तरी तो खुर्चीत बसला आणि त्याने लिहिलं. चार पानं झाली. घडलं तसं लिहिलं, कुठेही 'तांत्रिक' शब्द आला नाही. शेवटी लिहिलं की हे जाळं एका माणसाच्या डोक्यात आहे, त्या माणसाला आज चूक करायला एक बोट पुरलं, आणि तो आतमध्ये अडकला तेव्हा बाहेर कोणालाच काही करता आलं नाही. साहेबांना एक प्रत पाठवली, नऊ हॉस्पिटलांना एकेक. पाठवून झाल्यावर त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त भूक लागली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर, नोकरी गेली नाही. हॉस्पिटलांनी आणखी दोन माणसं तयार करा म्हणून हट्ट धरला, साहेब महिनाभर वायरमनशी तुटक वागले, मग दोन मुली कामावर आल्या आणि तो त्यांना शिकवू लागला. त्यातली एक हुशार निघाली, दुसरी चिकाटीची. तो अजून तिथेच आहे. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी साडूने त्याला आपल्या गाडीतून घरी सोडलं. रस्त्यावर दिवे लागत होते. घराशी उतरताना वायरमन म्हणाला, "वर ये."

"आज नको," साडू म्हणाला. "आज तुमचं तुम्ही बघा."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. नवरा एवढा पांढराफटक का दिसतो म्हणून ती उठायला लागली, तर त्याने तिला बसवलं आणि समोर जमिनीवर बसला. खुर्चीत बसून सांगायची गोष्ट नव्हती ती. त्याने दुपारच्या खोलीपासून सुरुवात केली, मग लक्षात आलं की आपण मुद्द्याभोवती फिरतोय. तेव्हा तो थेट म्हणाला, "मी बाबांकडे एकदाही गेलो नव्हतो. सात दिवसांतला एकही दिवस नाही."

तिने हातातला टॉवेल घडी न करताच मांडीवर ठेवला. त्याने बाकीचं सांगितलं. साडू कसा बसला, काय काय सांगत राहिला, नखं कोणी कापली, धाकटी नवऱ्याला काय काय ऐकवते. ती रडली नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

"म्हणजे बाबा ज्याला जवळ बसलाय समजत होते तो तू नव्हतास," ती म्हणाली. "आणि दोन वर्षं मी ज्या माणसाबद्दल लोकांना कौतुकाने सांगते, तोही तू नव्हतास."

"नाही."

"मला आत्ता तुझं काही ऐकायचं नाही. माझं काय ते मी नंतर बघेन." तिने फोन उचलला, बहिणीचा नंबर लावला, आणि घंटी वाजत असतानाच तो त्याच्यापुढे धरला. "आधी तिला सांग. तिने दोन वर्षं नवऱ्याला उगाच टोचून खाल्लंय. ते आधी सुटू दे."

फोन उचलला गेला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, आणि मागे साडू नुकताच आत येऊन पेटी ठेवत असावा, लोखंड आपटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. धाकटी म्हणाली, "ताई? बोल."

"ताई नाही. मी आहे," वायरमन म्हणाला.

तिचा आवाज जरा सावध झाला. "बोला भाऊजी. काय झालं?"

बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "जरा बस," तो म्हणाला. "वेळ लागेल सांगायला."